स्थळपरिस्थितीनुसार

आंबेगाव तालुक्यात आंबेगाव नाही. ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तहसील कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला, आणि ज्याच्या नावाने तालुका चालतो ते गाव हुतात्मा बाबू गेनू सागराच्या तळाशी. सरकारी बांधकामात शाखा अभियंता म्हणून मी जुन्नर-आंबेगावात अठरा वर्षं काढली. त्या अठरा वर्षांत मी केलेली बहुतेक अंदाजपत्रकं या तालुक्यासारखीच होती. कागदावर गाव, जागेवर पाणी.

लोकांना वाटतं, टेंडर उघडलं, सगळ्यात कमी दराचा ठेकेदार ठरला, कार्यारंभ आदेश निघाला आणि नारळ फुटला की आता फक्त काम उरलं. काम खरोखर तिथूनच सुरू होतं. म्हणजे कागदाचं काम. टेंडर मंजूर होईपर्यंत ओढा, खडक, म्हसोबा, सरपंच आणि विजेचा खांब ही सगळी मंडळी गप्प असतात. नारळाचं पाणी जमिनीत मुरलं की सगळे एकदम जागे होतात आणि आम्हालाही करारात घ्या म्हणतात.

एका मोरीची गोष्ट सांगतो. गाव पश्चिमेकडचं, घाटमाथ्याच्या कुशीतलं. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून चहा मिळतो.

अंदाजपत्रक मीच केलं होतं, हे आधी कबूल करतो. फेब्रुवारी महिना, ओढ्यात पाण्याचा थेंब नाही, दोन पोरं पात्रात क्रिकेट खेळत होती. मैलकामगाराने टेप धरला, मी आकडे टिपले. कार्यालयात आल्यावर पूर्वेकडच्या एका गावातल्या मोरीचं अंदाजपत्रक काढलं, गावाचं नाव बदललं, लांबी बदलली आणि प्रिंट घेतली. 900 मिलिमीटरचे सिमेंटचे पाईप, दोन रांगा. खोदाई सगळी मुरमात. आता आमच्या तालुक्यांचा पाऊस असा, की पश्चिमेला महिनाभर आभाळ फाटलेलं असतं आणि पूर्वेला त्याच महिन्यात लोक टँकरची चौकशी करत असतात. पूर्वेच्या ओढ्याचा सदरा पश्चिमेच्या ओढ्याला कसा बसणार? पण अंदाजपत्रक या शब्दात अंदाज पहिला येतो, पत्रक नंतर, असं म्हणून मी सही केली. वरच्यांनी माझ्या सहीकडे बघून सही केली, त्यांच्या वरच्यांनी त्यांच्या सहीकडे बघून केली. ओढ्याकडे बघून कुणीच केली नाही.

ठेका भाऊंना मिळाला. अठरा टक्के बिलो. (आमच्याकडे ठेकेदार एकमेकांना प्रकृती विचारत नाहीत, 'किती बिलो गेला?' असं विचारतात.) भाऊ जेसीबी घेऊन एप्रिलमध्ये जागेवर आले. रस्त्याच्या कडेला एक आजी हिरडा वाळत घालत होत्या. त्यांनी पाईपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सायेब, ही नळकांडी कशाला?"

"आजी, मोरी करतोय. पाणी यातनं जाईल."

आजींनी काठीने ओढ्याकाठचं उंबराचं झाड दाखवलं. बुंधा नाही, फांदी फुटते ती जागा. "त्या बेचक्यात दरसाल काटक्या अडकत्यात. पाणी तिथवर येतं. तुमची नळकांडी तेव्हा कुठं असत्यात?"

जलविज्ञान या विषयात मी पहिल्या वर्गात पास झालो होतो. पण माझ्या वहीत त्या झाडाची नोंद नव्हती आणि आजींच्या डोळ्यांत होती. तिसरी रांग लागणार, हे मला त्या बेचक्याकडे बघताना कळलं. तेवढ्यात जेसीबीवाल्याने हाक मारली. डाव्या अंगाला फूटभर खाली काळा पाषाण लागला होता. उजव्या अंगाला पहार घातली तर ती हातभर आत गेली आणि काढायला दोन माणसं लागली. अंदाजपत्रकातला मुरूम कुठल्याच अंगाला नव्हता. तो बहुधा पूर्वेकडच्या त्या मूळ गावातच राहून गेला होता.

मी उपअभियंता साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करून घ्या, बघू नंतर."

सरकारी बांधकामात याच्याइतकं महागडं वाक्य दुसरं नाही. 'करून घ्या' हे भाऊंसाठी. 'बघू' हे अनेकवचन, म्हणजे कुणीच नाही. आणि 'नंतर' म्हणजे बदलीनंतर. साहेबांची बदली ऑगस्टमध्ये झाली. 'बघू' जुन्नरला राहिलं, साहेब विदर्भात गेले.

भाऊंनी काम केलं. ब्रेकर लावून खडक फोडला, मऊ अंगाला दगड भरून पाया धरला, तिसरी रांग टाकली. हे चाललेलं असतानाच गावाला मोरी आवडायला लागली. आधी सरपंच आले, म्हणाले, दोन्ही बाजूंना कठडा जरा उंच घ्या, पोरं बसतात. मग पुजारी आले. मोरीचा कोपरा म्हसोबाच्या अंगावर येतोय, चार फूट सरका. म्हसोबाला सरकवण्याची तरतूद कुठल्याच दरसूचीत नसल्यामुळे मोरी सरकली. शेवटी बायका आल्या. धुणं धुवायचा आमचा सपाट दगड तुमच्या भरावाखाली गेला, आता आम्ही कुठं जायचं? यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. भाऊंनी उत्तर दिलं, तेही सिमेंटमध्ये: खालच्या अंगाला पाण्यात उतरायला पाच पायऱ्या.

कुणी म्हणेल, हे खेड्यातलं. तर सिडनीचं ऑपेरा हाउस घ्या. 1959 मध्ये काम सुरू झालं तेव्हा त्या प्रसिद्ध शिंपल्यांच्या छपराचं नेमकं काय करायचं ते ठरलंच नव्हतं. 70 लाख डॉलरचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला, आणि 1963 ला व्हायचं काम 1973 ला झालं. तिथेही कुणीतरी, इंग्रजीत का होईना, 'करून घ्या, बघू नंतर' म्हणालं असणारच. फरक एवढाच, की त्यांच्या इमारतीचा फोटो कॅलेंडरवर येतो.

आता कायदा. वाढलेल्या कामाला नियम नाहीत असं मुळीच नाही. नियम इतके आहेत की वाढीव काम त्यांच्याखाली सापडतं. बदल दोन जातींचे. करारात असलेल्याच बाबीचं माप वाढलं, तर ते करारनाम्याचं कलम 38. करारात नसलेलीच बाब उपटली, तर ती अतिरिक्त बाब. तिचा दर ठरवायच्या कागदाला ईआयआरएल म्हणतात. पूर्ण रूप एक्स्ट्रा आयटम रेट लिस्ट, पण ते उच्चारायला सवड असलेला माणूस मला खात्यात भेटला नाही.

कलम 38 मी भाऊंच्या मुकादमाला लग्नाच्या यादीवरून समजावलं होतं. यादीत लिहिलंय, वऱ्हाड दोनशे. सव्वापटीपर्यंत, म्हणजे अडीचशेपर्यंत, माणसं आली तर ठरल्या दराने जेवण घालायचं, कुरकुर करायची नाही. आली साडेतीनशे. वरच्या शंभर पानांचा दर आता नव्याने, दरसूचीच्या आधाराने ठरणार. मुकादम म्हणाला, "पण साहेब, आपल्याकडं वऱ्हाड जेवून गेल्यावर दर ठरतो." मी त्याला कलम समजावत होतो, त्याला ते माझ्याआधी समजलेलं होतं.

या कलमामागे कारणही आहे. बी-1 नमुन्याच्या निविदेत सगळ्या कामाला मिळून एकच टक्का भरायचा, इतके वर किंवा इतके खाली. बी-2 मध्ये मात्र प्रत्येक बाबीला वेगळा दर. मुरलेला ठेकेदार काय करतो, तर टेंडर भरण्याआधी जागेवर जाऊन त्या हिरडा वाळवणाऱ्या आजींजवळ तासभर बसतो. त्याला कळतं की इथे मुरूम नाही, खडक आहे. अंदाजपत्रकात खडक नावापुरता, मुरूम ढीगभर. तो मुरमाला मातीमोल दर भरतो आणि खडकाला सोन्याचा. बेरजेत सगळ्यात स्वस्त तोच. काम सुरू झालं की मुरूम गायब होतो, खडक वर येतो आणि त्याच्यामागून बंगला वर येतो. कागदावर सगळं चोख. ही विद्या कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत नाहीत. शिकवली असती तर आम्हीही आधी आजींकडे गेलो असतो. भाऊ त्यातले नव्हते. त्यांनी फक्त माझ्या कागदावर विश्वास ठेवला होता.

अतिरिक्त बाबीचा विषय निघाला की मला नारायणगाव आठवतं. तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. तारीख, रक्कम, इसार, सगळं ठरतं, करारच तो. पण प्रत्यक्ष कार्यक्रमात कुणी उठून फर्माईश केली, तर ती सुपारीत नसते. त्यासाठी दौलतजादा. नोट जागेवर, आणि देणाऱ्याचं नाव सगळ्या गावासमोर पुकारून. मागणी, मंजुरी, मोजमाप आणि देयक, चारही ढोलकीच्या एका तुकड्यात उरकतात, वर लेखापरीक्षणही प्रेक्षकच करतात. आमच्या ईआयआरएलला तीन वर्षं लागली आणि नाव कुणीच पुकारलं नाही.

कारण फाईल. खडकाचं दरपृथक्करण करून मी प्रस्ताव वर पाठवला. पहिली त्रुटी आली: 'सदर बाब मूळ अंदाजपत्रक तयार करताना विचारात का घेतली नाही?' याचं खरं उत्तर असं, की मी पूर्वेकडच्या मोरीची नक्कल मारली. पण खऱ्या उत्तरांसाठी सरकारी मराठीत एक सुरेख शब्द आहे, 'अनवधानाने'. तो मी वापरला. दुसरी त्रुटी: 'कठीण खडकाची छायाचित्रे जोडावीत.' खडक फुटून त्याची खडी झाली होती, खडी काँक्रीटमध्ये गेली होती, काँक्रीट पाण्याखाली होतं. मी पाण्याचं छायाचित्र जोडलं. तिसरी त्रुटी: 'मूळ निविदा 18 टक्के कमी दराची असताना प्रस्तुत बाब तितक्याच कमी दराने करण्यास ठेकेदाराची संमती आहे काय?' हे पत्र घेऊन मी भाऊंकडे गेलो. भाऊ म्हणाले, "साहेब, खडक बिलो फोडता येत असता तर मी लेण्या नसत्या कोरल्या का?"

लेण्यांचं ते सहज बोलून गेले, पण जुन्नरला हा विनोद जरा जास्तच लागू पडतो. लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी, मानमोडी, डोंगरच्या डोंगर कोरलेले. दान देणाऱ्यांची नावं भिंतीवर, त्यात व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या श्रेणी आहेत, यवनही आहेत. कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनमंडप. म्हणजे कुणी काय दिलं ते दगडात कोरलेलं, खाडाखोड अशक्य. आणि मानमोडीच्या डोंगरात काही लेणी अर्धवट सोडलेली आहेत. आत शिरलं की समजतं, काम जोरात चाललं होतं आणि एकाएकी थांबलं. खडकात मऊ थर लागला की देणगीदाराचा हात आखडला, देव जाणे. मला मात्र तिथे उभं राहिलं की दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शाखा अभियंता दिसतो, छिन्नी थांबवून वरच्यांच्या निरोपाची वाट बघणारा. नाणेघाटात तर नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणा आकड्यांसह नोंदवल्या आहेत, इतक्या गायी, इतके घोडे, इतके कार्षापण. इतकं स्वच्छ अंतिम देयक मी पुन्हा पाहिलं नाही.

तर चौथी त्रुटी. 'स्थळपरिस्थितीनुसार' म्हणजे नेमके काय, ते स्पष्ट करावे. इथे मी हात टेकले. हा शब्द म्हणजे आमच्या खात्याची कुलदेवता. म्हसोबा म्हणजे स्थळपरिस्थिती, आजी म्हणजे स्थळपरिस्थिती, सरपंच निवडून आलेले असल्यामुळे ते 'लोकप्रतिनिधींची मागणी', आणि कठडा 'तांत्रिकदृष्ट्या आवश्यक'. बायकांच्या धुण्यासाठी मात्र शब्दच सापडेना. 'पात्रात उतरण्याची सोय' असं लिहून पाहिलं. वरून शेरा आला, 'कामाच्या व्याप्तीबाहेर'. पाच पायऱ्या फायलीतून गळाल्या.

भाऊंना कुणीतरी सांगितलं की वकिलाकडे जा. वकील म्हणाले, 1872 च्या करार कायद्यात कलम 70 आहे: फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी. भाऊ खूश झाले. मग वकिलांनी विचारलं, लेखी आदेश आहे का? दावा कुणावर लावायचा? संविधानाच्या अनुच्छेद 299 प्रमाणे राज्याचा करार राज्यपालांच्या नावाने होतो. भाऊ मला येऊन म्हणाले, "म्हणजे त्या पायऱ्या मी राज्यपालांना बांधून दिल्या?" आणि खिन्नपणे पुढे म्हणाले, "धुणं तर कधी कुणाला सांगितलं नाय त्यांनी."

आता कुणी म्हणेल, हे नियम कडक आहेत ते बरंच आहे, नाहीतर वाढीव कामाच्या नावाखाली खजिना लुटतील. अगदी खरं. कुकडी प्रकल्प बघा. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, अशी पाच धरणं आमच्या दोन तालुक्यांत. पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जायचं. खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता लागते. खात्यात तिला लाडाने 'सुप्रमा' म्हणतात; एखाद्याला वाटावं, साहेबांची थोरली मुलगी. कुकडीला 2018 मध्ये चौथी सुप्रमा झाली, 3948 कोटींची. राज्यभरातल्या सिंचनाच्या अशाच वाढत्या खर्चांवर 2012 मध्ये श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथकही बसलं. नियम तेच, कलमं तीच. पण माझं निरीक्षण सांगतो: सरकारी फायलीला गुरुत्वाकर्षण उलटं लागतं. जितकी जड तितकी ती सहज वर जाते. भाऊंची फाईल फारच हलकी होती.

रस्त्यांचंही तेच. पुणे-नाशिक महामार्गावर खेड ते सिन्नर चौपदरीकरण ज्या कंपनीकडे होतं, तिचा आयएल अँड एफएस हा मूळ समूहच 2018 मध्ये कोलमडला. बाह्यवळणं अर्धवट राहिली आणि पुढे नव्या निविदा काढून ती करावी लागली. तोवर मंचर आणि नारायणगावच्या चौकांत टोमॅटोच्या गाड्यांमागे उभं राहून एक पिढी संयम शिकली. करार झाल्यावर मोरीत पाईप वाढतो हे मी पाहिलं होतं. करार झाल्यावर ठेकेदारच नाहीसा होतो, ही स्थळपरिस्थिती माझ्याही अनुभवाबाहेरची.

भाऊंच्या तिसऱ्या रांगेचे आणि खडकाचे पैसे तीन वर्षांनी निघाले. अठरा टक्के कापून. सव्वापटीचा हिशेब करता करता माझ्या हाताखालच्या दोन कनिष्ठ अभियंत्यांची लग्नं झाली. लेखापरीक्षणात 'ठेकेदारास अवाजवी लाभ' असा परिच्छेद निघालाच, भाऊंना तो वाचून दाखवला तर म्हणाले, "एवढा चांगला शब्द आपल्यासाठी पहिल्यांदाच कुणी वापरला."

जाता जाता नव्या पोरांना एवढंच सांगायचं. जागेवर साईट ऑर्डर बुक असते. फाटकी, चहाचे डाग पडलेली, ट्रॅक्टरच्या सीटखाली कोंबलेली. साहेब म्हणाले 'करून घ्या', की त्याच मिनिटाला ती काढायची, तारीख टाकायची, 'आपल्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार' असं लिहायचं आणि साहेब पुढच्या खेपेला आले की चहा येण्याआधी सही घ्यायची. चहानंतर साहेब घाईत असतात. मी त्या दिवशी लिहिलं नाही, कारण पेन गाडीत होतं आणि गाडी उन्हात.

मोरी उभी आहे. पहिल्याच पावसाळ्यात उंबराच्या बेचक्यात काटक्या अडकल्या आणि पाणी तिन्ही रांगांमधून गेलं. आजी आता नाहीत. म्हसोबा जागच्या जागी आहे. पायऱ्यांवर सकाळी धुणं चालतं. तिकडे कधी गेलात आणि पाण्यात उतरावंसं वाटलं, तर वरून तिसरी पायरी जरा जपून. ती हलते, आणि दुरुस्त करायला ती कुठल्याच कागदावर नाही.